वुडवर्ड अव्हेन्यूवरची हेमी कूडा

डेट्रॉइटच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या वार्षिक मेळ्यात आज १९७० ची प्लिमथ हेमी कूडा ही अमेरिकी गाडी हातभर अंतरावरून पाहता आली. (नाव ऐकून आपले कुड्याचे झाड आठवते, प्रत्यक्षात ते बॅराकूडा या माशाच्या नावाचे लघुरूप आहे.) मालकांनी इंजिन सुरू करताच, बॉनेटमधून वर आलेले आणि थेट इंजिनावरच बसवलेले हवेचे ‘शेकर’ तोंड इंजिनाबरोबर थरथरू लागले. सुमारे ७ लिटरचे, ४२६ घनइंचांचे हे ‘हेमी’ (म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे) इंजिन कंपनीच्या नोंदीनुसार ४२५ अश्वशक्तीचे होते.

संग्राहक मात्र आधी काचेतून डॅशबोर्डवरची क्रमांकपट्टी वाचतात, कारण साध्या कूडामध्ये मागाहून हेमी बसवणारे पुष्कळ आहेत आणि पट्टीवरचे पाचवे अक्षर ‘आर’ असेल तरच ते इंजिन कारखान्यातले ठरते. उघड्या टपाच्या हेमी कूडा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बनल्या. १९७१ ची तशी एक गाडी २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

या गाडीच्या मागच्या चाकाजवळ रंगाचा टवका उडाला होता. मालकांनी तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. कारखान्यातला मूळ रंग पुन्हा चढवता येत नाही, असे ते म्हणाले.