नावातला एक 'के'

न्यूयॉर्कमधल्या आमच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये आता कानावर स्पॅनिशच जास्त पडतं. 181व्या रस्त्यावरच्या दुकानातली ती मोठी केळी शिकरणाची नव्हेत, हे मी दोनदा फसून शिकले. पण हिटलरच्या काळात जीव वाचवून आलेले जर्मन ज्यू इथे इतक्या संख्येने राहायचे, की या भागाला गमतीने 'फ्रँकफर्ट ऑन द हडसन' म्हणत. त्या फ्रँकफर्टमधून या फ्रँकफर्टला, मधे तीन देश करून, एक बाई आली आणि साठहून अधिक वर्षं इथेच राहिली. पैसा आला, नाव झालं, तरी घर सोडलं नाही. 12 जुलै 2024 ला ती गेली, वयाच्या 96व्या वर्षी. डॉ. रुथ वेस्टहायमर.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. टीव्हीवर फोटो बघून म्हणाली, "कोण गं ही? किती गोड म्हातारी!"

आता आईला काय सांगायचं? मी "समुपदेशक होत्या" म्हटलं. कसल्या, ते विचारलंनच. 'लैंगिक' हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझा चहा निवला.

"म्हणजे र. धों. कर्व्यांसारखी! मग अडखळतेस काय एवढी? आमच्या अण्णांच्या ट्रंकेत 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते. तळाशी."

गंमत म्हणजे कर्व्यांनी ते मासिक 1927 मध्ये काढलं आणि रुथबाई जन्मल्या 1928 मध्ये. कर्व्यांच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. रुथबाईंना 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर पंधरा मिनिटं मिळाली, तीही रविवारी मध्यरात्र उलटल्यावर. ऐकणार कोण? पण लोक जागे राहिले. खणखणीत जर्मन उच्चारांची, 4 फूट 7 इंचांची, पन्नाशी ओलांडलेली ही बाई कुठल्याही अवयवाचं नाव सरळ घ्यायची, आणि एखाद्या आजीने लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं सांगायची. हसवायची, पण विचारणाऱ्याला कधी हसली नाही. एड्सच्या भीतीने लोक माणसंच वाळीत टाकत होते, त्या काळातही ती निरोधाबद्दल स्पष्ट बोलत राहिली.

नवऱ्याला मात्र व्याख्यानाला येऊ द्यायची नाही. तो लोकांना सांगेल, हिचं काही ऐकू नका, नुसतं बोलणंच आहे! एकदा टीव्हीवाल्यांनी त्यालाच घरची हकिकत विचारली. तो शांतपणे म्हणाला, चांभाराच्या पोरांना जोडे नसतात. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की ठसका लागला.

पुढचं सांगताना मात्र मी सावकाश झाले.

नोव्हेंबर 1938 मध्ये नाझी तिच्या वडिलांना घरातून घेऊन गेले. जानेवारी 1939 मध्ये आई आणि आजीने दहा वर्षांच्या या एकुलत्या एका मुलीला स्वित्झर्लंडच्या गाडीत बसवलं. सोबत एक बाहुली होती, ती तिने गाडीत रडणाऱ्या एका लहान मुलीला देऊन टाकली. तिथल्या अनाथाश्रमात मुलींना घरकामच शिकवायचे. एका मुलाची पुस्तकं घेऊन ती रात्री चोरून अभ्यास करायची. घरची पत्रं 1941 मध्ये थांबली. आईवडील पुन्हा दिसले नाहीत. युद्ध संपल्यावर ती पॅलेस्टाइनला गेली, तिथे बंदूक शिकली. विसाव्या वाढदिवसालाच जेरुसलेममध्ये तोफगोळा फुटला आणि पाय जाता जाता वाचले. मग पॅरिस, मग 1956 मध्ये न्यूयॉर्क. इथे मोलकरणीचं काम करत शिकली, आणि 1970 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली.

बाहुल्यांची घरं ती म्हातारपणीही जमवायची. त्या घरांमध्ये तरी सगळं आपल्या हातात असतं, म्हणून. कासवंही जमवायची, कारण मान बाहेर काढल्याशिवाय कासवाला पुढे सरकता येत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिला एकटेपणाविरुद्धची मानद राजदूत नेमलं. पंचाण्णवाव्या वर्षी! परदेशात पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी बसून मायदेशी किती वाजले असतील हे मोजणाऱ्या कुणालाही (मी त्यातलीच) ते पद कशाला हवं, हे समजावून सांगावं लागत नाही.

मी तिला कधी भेटले नाही. ओळख एवढीच, की हडसनवरून येणारा वारा दोघींच्या अंगावरून गेला.

संध्याकाळी फोर्ट ट्रायन बागेतल्या बाकावर आईला नावाची गोष्ट सांगितली. मूळ नाव कॅरोला रुथ. कॅरोला फारच जर्मन वाटतं म्हणून तिने पुढे रुथ घेतलं, पण कॅरोलाचा 'के' मधे ठेवला. आईवडील कुठे जिवंत असलेच आणि शोधत आले, तर ओळख पटावी म्हणून.

आई बराच वेळ नदीकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि नंतर? सगळं कळल्यावर काढला का तो 'के'?"

"नाही. शेवटपर्यंत रुथ के."

"बरं केलंन," आई म्हणाली, आणि पदर सावरून उठली.