तास मोजले, स्टार्ट कोणी मोजले?

औष्णिक वीजकेंद्रातला २१० मेगावॅटचा जुना टर्बाइन संच कॅपिटल ओव्हरहॉलला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, उघडला होता. एचपी केसिंगचा (टर्बाइनच्या उच्च दाबाच्या भागाच्या कवचाचा) वरचा अर्धा भाग उलटा करून ठेवलेला. ५३५ अंशांची वाफ आत शिरते तिथल्या वळणावर भेगा शोधणारा लाल डाय लावून पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला आणि थोड्याच वेळात केसासारखी बारीक लाल रेघ उमटली.

"साहेब, ही मागच्या खेपेलाही होती," फिटर म्हणाला. मागच्या अहवालात तिचा उल्लेखच नाही. पाहणी करून नोंद न करणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

वरिष्ठांचा एकच हेका : वेल्ड मारा, बॉक्सअपची, म्हणजे केसिंग परत बंद करायची, तारीख गाठायची आहे. पण हे क्रोम-मॉली-व्हॅनेडियमचं जाड ओतीव पोलाद. वेल्डच्या आधी प्रीहीट, नंतर आतला ताण काढायला ७०० अंशांच्या आसपास तापवून स्ट्रेस रिलीव्हिंग. उष्णता कमी-जास्त झाली की पार्टिंग प्लेन (केसिंगचे दोन अर्धे जुळतात ते सपाट तोंड) वाकतं आणि मग जॉइंटमधून वाफ गळत राहते. घाईत केलेलं वेल्डिंग मूळ क्रॅकपेक्षा वाईट.

म्हणून आधी रेप्लिका (धातूच्या सूक्ष्मरचनेचा फिल्मवरचा ठसा) घेतली. एमरीने घासत घासत डायमंड पेस्टपर्यंत पॉलिश, नायटलने (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) एचिंग, मग ॲसिटोनने मऊ केलेली फिल्म दाबून बसवायची आणि अलगद सोलायची. बोट हललं की परत पहिल्यापासून. मायक्रोस्कोपखाली क्रॅक कणांच्या सीमा धरून न जाता कण फोडत सरळ गेलेली दिसली, आत ऑक्साइड भरलेलं. क्रीपच्या, म्हणजे उष्णता आणि ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या, पोकळ्या जवळपास नव्हत्याच. म्हणजे दोष दीर्घकाळ तापून राहण्याचा नव्हे, वारंवार तापून थंड होण्याचा, थर्मल फटीग.

डाय टेस्टमध्ये रेघ दिसेनाशी होईपर्यंत ग्राइंड केलं, खाचेच्या कडा गोलसर मिळवून घेतल्या. उरलेली जाडी हिशोबात बसली. वेल्डिंग नको, असं मी लिहून दिलं आणि बरीच वादावादी होऊन ते मान्य झालं.

दर स्टार्टला धातू तापतो, म्हणून हिशोबासाठी मी कोल्ड आणि हॉट स्टार्टचे (संच पूर्ण थंड असताना आणि अजून गरम असताना सुरू केल्याचे) आकडे वेगवेगळे मागितले होते. चालू तास अगदी अचूक मिळाले, कारण लाख तासांनंतर उर्वरित आयुष्याची तपासणी करायची हे सगळ्यांना पाठ आहे. स्टार्टची जुनी रजिस्टरं मात्र सापडली नाहीत. आता तर दुपारी सौरवीज आली की याच संचाचा लोड खाली आणतात, संध्याकाळी पुन्हा चढवतात. तेही धातूलाच सोसायचं, आणि त्याचीही धड नोंद नाही.

शेवटी जुन्या ऑपरेटरांना विचारून आकडा धरला आणि तो चढाच ठेवला. अहवालात 'अंदाजे' असं स्पष्ट लिहिलंय. तरी चढा म्हणजे पुरेसा चढा होता का, हे मला अजून खुपतं.