साठीनंतरची वारी आणि धाव्याचा उतार

वारीला निघायचं म्हटलं की घरचे आधी दिवे घाटाची काळजी करतात. आळंदीच्या पालखीचा पुणे-सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या वर, आणि त्या दिवशी बहुतेकदा एकादशीचा उपास. पण चढाची मला धास्ती नाही. चढावर दम लागतो, दम लागला की पाऊल आपोआप सावकाश पडतं. या वयात जपायचा तो उतार.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना तिथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून सगळ्या दिंड्या उतारावरून पळतात. उतरताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. तो कमजोर असेल तर हादरा थेट गुडघ्यात जातो. त्यात पुढचा माणूस अचानक थांबला की तोल जायला वेळ लागत नाही.

आमच्या दिंडीत सत्तरी पार केलेल्या एक आजी आहेत. धाव्याला त्या कडेला येतात, गुडघे किंचित वाकवून बारीक पावलं टाकत उतरतात, डोईवरची तुळस जराही हलत नाही. विसाव्याला ताडपत्रीवर मांडी घालून बसतात आणि उठताना जमिनीला हात लावत नाहीत. ‘‘कशा उठता हो आजी?’’ विचारलं तर म्हणाल्या, ‘‘माउली, वर्षभर रानात दुसरं काय करते? उठबसच की.’’

माझं आयुष्य खुर्चीत गेलं, त्यामुळे ही उठबस मला मुद्दाम करावी लागते. तिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात, साठीनंतर जास्तच वेगानं, आणि नुसत्या चालण्यानं ती झीज पुरती थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारख्या व्यायामासोबत दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. मी चैत्रापासून लागतो: हात न टेकता खुर्चीतून उठणं, जिना सावकाश उतरणं, भिंतीशेजारी एका पायावर उभं राहणं. चालायचं अंतर थोडं थोडंच वाढवायचं, कारण स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मागे राहतात. चप्पल-बूट वापरून मऊ झालेलेच घालायचे. मधुमेह असेल तर रोज रात्री बॅटरी लावून तळवे बघायचे, कारण फोड आलेला कळतच नाही. आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते.

पोटऱ्या भरून आल्या तर बिनधास्त चालावं, सकाळी हरिपाठ म्हणता म्हणता त्या मोकळ्या होतात. गुडघा सुजला, किंवा एका पायावर भारच देववेना, तर मात्र हट्ट नको. दिंडीचा ट्रक सोबत असतोच. त्यात बसून मुक्कामी पोचलेल्या माणसाला आमच्या दिंडीत कुणी कमी लेखत नाही. उलट विणेकरी स्वतः येऊन पाय बघून जातात.