कळण्याची भाकरी आणि ताकदीची गोळी

मेडिकलवर ‘ताकदीची गोळी’ मागितली की बहुतेक वेळा ब-कॉम्प्लेक्स हातात पडतं. त्या गोळीत ताकद नसते. ती भाकरीत, डाळीत, तेलात असते. ब जीवनसत्त्वं फक्त पेशीतल्या एन्झाइमांच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या) हाताखाली राबतात. खाणंच अपुरं असेल तर गोळीनं अंगात जोर येत नाही, लघवी तेवढी पिवळीधमक होते. तो ब2 चा रंग.

ग्लुकोजपासून झालेलं पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, जाळायला ब1 लागतं. ते कमी पडलं की लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) साचतं. पुढे ब2 आणि ब3 पासून बनलेले एफएडी आणि एनएडी हे रेणू या जळणातले इलेक्ट्रॉन वाहतात. ब6 चं काम प्रथिनांशी: पचून सुट्या झालेल्या अमिनो आम्लांवरचा अमिनो गट उतरवायचा. लिव्हरच्या रिपोर्टमधले एसजीओटी, एसजीपीटी हे एन्झाइम ब6 शिवाय चालत नाहीत.

नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे ब3 कमी पडल्याचा आजार, व्हायचा: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या ल्युसीन या जादा अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले, पण ब3 चा हिशेब पक्का आहे: शरीर 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून साधारण 1 मिलिग्रॅम ब3 बनवतं, आणि त्यालाही ब6 लागतं.

नुसत्या ज्वारीपेक्षा आपला कळणा हुशारीचा. चार वाट्या ज्वारी, वाटीभर अख्खे काळे उडीद, खडेमीठ, सगळं एकत्र दळायचं. उडदातून ब1 येतं आणि ज्वारीत कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्लही. उडीद वाढवले तर पीठ चिकट होतं, भाकरी थापताना हाताला येते.

डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा मात्र टाकू नका. अल्कलीत ब1 टिकत नाही. डाळ आधी भिजवा. आणि चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच, आंबटात ती दडदडीत राहते. भाजी उकडलेलं पाणी ओतून दिलं तर ब1 त्याबरोबर मोरीत जातं.

ब6 साठी रावेर-यावलचं केळं आहेच. मध्यम केळ्यात साधारण 0.4 मिलिग्रॅम. टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड ब6 घटवतं, म्हणून डॉक्टर सोबत पायरिडॉक्सिन (म्हणजे ब6 च) देतात, ती गोळी चुकवू नये. पण मुंग्या येतात म्हणून स्वतःच्या मनानं ब6 चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले, तर त्यानंच नसा बिघडतात आणि मुंग्या वाढतात.