औंधला एका चित्रासमोर पंधरा मिनिटं

गेल्या आठवड्यात नववीची पोरं घेऊन औंधला गेलो, भवानी संग्रहालय बघायला. दरवेळी सहल म्हणजे रांगेत आत, रांगेत बाहेर, अर्ध्या तासात सगळं उरकायचं, मग यमाईचं दर्शन आणि डबा. पोरांना विचारलं काय बघितलं तर "तलवारी" एवढंच.

यावेळी ठरवलं, प्रत्येकानं एकच चित्र निवडायचं आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोरच बसायचं, मोबाईल बाहेर, हातात फक्त पेन्सिल आणि वही. पहिली पाच मिनिटं नुसती चुळबुळ. मग एक पोरगी जी वर्गात कधी तोंड उघडत नाही ती रविवर्मांच्या चित्रापुढून हळूच आली आणि म्हणाली, सर, साडीचा काठ लांबून सोनेरी दिसतो पण जवळून बघितला तर नुसते पिवळे-तपकिरी फटकारे आहेत. अहो हे मी एलिमेंट्रीच्या (चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या) पोरांना फळ्यावर किती वेळा सांगितलंय, पण तिचं तिला सापडलं ना!

आणि हे सगळं आपल्या सातारा जिल्ह्यात आहे हो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंधचे राजे आणि स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ साली हे उभं केलं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्पसुद्धा इथंच आहे.

मला वाटतं शाळांनी वर्षातून दोनदा तरी यावं, आणि आधी एक तास वर्गात तयारी करून यावं. पुढच्या खेपेला आठवीला नेतोय, शिल्पांचे स्केच काढायला.