पेणचे काका आणि टोकियोचा गणपती

परदेशात आपली माणसं कशामुळे गोंधळतात, असं कुणालाही विचारा. भाषा आणि जेवण हीच दोन उत्तरं येतील. टूर मॅनेजर म्हणून माझं मत वेगळं आहे. भाषा येत नाही हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तो जपून वागतो. जेवणासाठी मेतकूट, चिवडा, लोणचं घरूनच आलेलं असतं. खरा गोंधळ होतो तो सगळं आपल्यासारखंच दिसतं तिथे. जपानात तर ते पावलोपावली दिसतं. चपला दाराबाहेर, देवापुढे उदबत्ती, मोठ्यांसमोर वाकणं. ओळखीचं वाटलं की आपली माणसं काही विचारत नाहीत, थेट करून मोकळी होतात.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्याच्या आदल्या रात्री आमचा गट हाकोनेला पारंपरिक जपानी निवासात उतरला होता. तिथे जेवायला युकाता घालून बसायची पद्धत आहे. युकाता म्हणजे पुढून एकावर एक पदर घेऊन कमरेला पट्टा बांधायचा सुती झगा. नाशिकच्या काकू हौसेने तयार होऊन आल्या आणि वाढायला आलेली बाई हातातला ट्रे बाजूला ठेवून त्यांच्याकडे धावली. एक शब्द न बोलता तिने काकूंचा पट्टा सोडला, उजवा पदर आत घेतला, डावा वर आणला आणि पुन्हा नीट बांधून दिला. काकूंना वाटलं, परकी पाहुणी म्हणून लाड चाललेत. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आता गोंधळायची पाळी त्या बाईची होती!

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर नागपूरच्या काकांनी लोणच्याची पुडी फोडायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चॉपस्टिक्स भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या. त्याही कुणीतरी हळूच काढून आडव्या ठेवल्या. मग मात्र मला सांगावंच लागलं. उजवा पदर वर येईल असा पोशाख जपानात प्रेताला घालतात, आणि भातात काड्या उभ्या खोचून तो वाडगा मयताच्या उशाशी ठेवतात. सगळं टेबल गप्प झालं. पण ‘कसल्या या अंधश्रद्धा’ असं कुणी म्हटलं नाही. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलंय, त्यांना आणखी काय समजवायचं? काकू उठल्या, त्या बाईला शोधून काढलं आणि तिच्यापुढे हात जोडले. बाई वाकली, काकू वाकल्या, बाई पुन्हा वाकली. शेवटी मीच मध्ये पडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टोकियोत, आसाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिरात गेलो. सोबत स्थानिक गाईडबाई होत्या. साठीच्या, टोकियोतच जन्मलेल्या, अत्यंत नेमक्या बोलणाऱ्या. त्या इंग्रजीत सांगायच्या आणि मी मराठीत. नकाशावर बौद्ध मंदिराची खूण स्वस्तिकाची असते, हे पाहून मंडळी आधीच खूश होती. फक्त त्याच्या भुजा डावीकडे वळलेल्या. ‘उलटं काढलंय, सांगा त्यांना’ असा आग्रह काकूंनी दोनदा धरला. जपानी देवळांत हेच वळण रूढ आहे, हे त्यांना मनापासून पटलं असं काही वाटलं नाही. पुढे मंदिरासमोरचं धुपाचं भलंमोठं पात्र आलं. तिथे लोक धूर ओंजळीने दुखऱ्या जागी घेतात. ते मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही. आरतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावणारी माणसं ती. सगळ्यांनी आपापले गुडघे धुरात धरले.

मग गाईडबाईंनी मंदिराची कथा सांगितली. 628 साली सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची मूर्ती आली. ती त्यांनी घरी नेली, गावाच्या मुखियाने तिची महती ओळखली आणि तिचं देऊळ झालं. मी हे मराठीत सांगून संपवते न संपवते तोच काकूंनी विचारलं,

“म्हणजे कुणीतरी विसर्जन केलेली मूर्ती यांनी बाहेर काढली?”

पाठोपाठ दुसरा प्रश्न. “आणि ती घरी नेली?”

गट गंभीर झाला. विसर्जन केलेली मूर्ती पुन्हा घरात आणायची, हे कुणाला चालेना. गाईडबाईंनी मला विचारलं, काय झालं, सगळे असे का बघताहेत? मी त्यांना विसर्जन सांगू लागले. घरी मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, दीड, पाच, सात किंवा दहा दिवस पूजा, नैवेद्य, आरती. मग वाजतगाजत न्यायची आणि पाण्यात सोडायची. त्यांनी थांबवून पुन्हा विचारलं, “पाण्यात? देवाला?” त्यांचा चेहरा बघून मलाच क्षणभर वाटलं की आपण काहीतरी भयंकर बोललो.

इथे पेणचे काका पुढे आले. तोवर ते फारसं बोलले नव्हते. रायगड जिल्ह्यातलं पेण हे गणपतीच्या मूर्तींचं गाव, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. काकांच्या घरी मूर्तींचा कारखाना, वडिलांपासूनचा. त्यांनी गाईडबाईंना मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. शाडूच्या मूर्तींच्या रांगा, रंगाचे डबे, दोरीवर सुकणारे ब्रश. मी मधे बसून भाषांतर करत होते.

“हे सगळे तुम्ही केलेत?”

“घरच्यांनी मिळून.”

“आणि हे सगळे पाण्यात जातात?”

“दरवर्षी.”

“तुम्हाला वाईट वाटत नाही?”

“वाटतं की. म्हणून तर ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो.”

गाईडबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं की सेन्सोजीची मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. 645 साली शोकाई नावाच्या भिक्षूने देऊळ उभारून ती दृष्टीआड ठेवली, तेव्हापासून ती तशीच आहे, अशी परंपरा आहे. आता थक्क व्हायची पाळी आमच्या मंडळींची. दर्शनच नाही? मग लोक इतक्या लांबून येतात ते कशासाठी? दोन्ही बाजूंचा चेहरा अगदी एकसारखा झाला होता आणि मला दोघांचंही मनापासून पटत होतं.

तिथून दहाएक मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. त्या दिवसाच्या कार्यक्रमात मीच ते आग्रहाने घातलं होतं, कारण ते गणपतीचं आहे. गूढ साधनेचा बौद्ध पंथ नवव्या शतकात चीनमार्गे जपानात गेला; त्याचे मोठे आचार्य कूकाई 806 साली चीनहून परतले. त्या पंथाबरोबर आपल्या कितीतरी देवता तिकडे पोचल्या. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, कुबेर बिशामोनतेन, आणि गणपती झाला कांगितेन किंवा शोदेन. बहुधा दोन गजमुखी आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या, असं त्याचं रूप. देऊळ छोट्या टेकडीवर आहे आणि वर जायला लिफ्टसारखी एक चिमुकली गाडी आहे, फुकट. गुडघेवाल्या मंडळींनी तिलाच आधी नमस्कार केला.

वर पोचल्यावर पहिला जल्लोष झाला तो भिंतीवरच्या कोरीवकामाने. “मोदक! ताई, मोदक बघा!” तळाशी गोल, वर चुण्या आवळलेल्या, अगदी आपला मोदक. फोटोंची झुंबड उडाली. गाईडबाई नम्रपणे म्हणाल्या, ती पैशांची थैली आहे, व्यवसायात बरकत यावी म्हणून. काकूंनी थैली पुन्हा निरखून पाहिली आणि मला सांगितलं, “त्यांना माहीत नसेल.” मी ते भाषांतर केलं नाही. पण काकूंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर नव्हतं. याच देवाच्या नैवेद्याला कांकिदान नावाची तळलेली मिठाई असते, आणि ती थैलीच्याच आकाराची असते.

थैलीच्या जोडीला जागोजागी दोन मुळे कोरलेले दिसतात, एकमेकांत गुंतलेले. साताऱ्याच्या एका काकांना ते आधी पाय वाटले. या गणपतीला मुळा वाहतात. पांढरा, जाडजूड, हातभर लांब मुळा देवळातच विकत मिळतो, तो घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा. मुळ्याने मनातलं विष, राग निघून जातो अशी श्रद्धा आहे. “दूर्वा नाहीत, जास्वंद नाही, मुळा?” असं म्हणत सगळे हसत होते. पण आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा दिसतो, तो दागिना किंवा आयुध समजून आपण पुढे जातो. दूर्वा-मोदकांच्या गर्दीत आपल्याकडे तो मागे पडला आणि तिकडे राहिला. हे सांगितल्यावर पेणच्या काकांनी एक मुळा विकत घेतला आणि दोन्ही हातांनी, बाळाला धरावं तसा धरून आत नेला.

आत जाताना मी पुन्हा बजावलं, फोटो नाहीत आणि टाळ्या नाहीत. दौऱ्यात आधीच शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात दोनदा वाकून दोनदा टाळी वाजवायची हे सगळ्यांनी पाठ केलं होतं, पण बौद्ध मंदिरात टाळी नसते. टाळ्यांशिवाय आरती कशी म्हणायची, हा प्रश्न रास्त होता. ती सगळ्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटली. दानपेटीत एकशे एक येनच टाकायचे यावर एकमत होतं, म्हणून सुट्ट्या एक येनच्या नाण्यासाठी शोधाशोध झाली. ते नाणं ॲल्युमिनियमचं, वजनाला फक्त एक ग्रॅम. हातात आहे की नाही हेही कळत नाही. काकूंनी घरून आणलेला माव्याच्या मोदकांचा डबा पुढे केला. तिथल्या सेवकाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि देवापुढे नेऊन ठेवला.

आणि देव? देव पडद्याआड, बंद कपाटात. विधी करणाऱ्या पुजाऱ्यांशिवाय कुणाला दिसत नाही.

पेणच्या काकांनी गाईडबाईंमार्फत सेवकाला विचारलं, “डोळे कसे आहेत बाप्पाचे?” सेवक गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. काका समजावू लागले. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात. ते काम घरातला सगळ्यात जाणता माणूस करतो, सकाळच्या उजेडात. तोवर समोर असते ती माती. आखणी झाली की मग मी त्या मूर्तीसमोर पाय पसरून बसत नाही. म्हणून विचारलं.

सेवकाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मीही पाहिलेले नाहीत. मग त्याने आपण होऊन सांगितलं की या देवाला पुजारी कोमट तिळाच्या तेलाने स्नान घालतात. हे ऐकून काकूंचा चेहरा उजळला. “अभ्यंगस्नान!” तोपर्यंत दर्शन नाही म्हणून त्या जरा रुसल्याच होत्या. तेल लावून आंघोळ घालतात म्हटल्यावर त्यांची खात्री पटली की इथे त्याची आबाळ होत नाही. पुढे गाईडबाई म्हणाल्या की हा देव फार कडक मानला जातो. नवस बोलला की पाळावा लागतो, म्हणून काही जपानी लोक त्याच्या वाटेला जायला घाबरतात. त्यावर आमच्या गटाने एकसुरात मान डोलावली. जागृत देवस्थान. हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

निघताना सेवकाने आमच्या हातात एक पिशवी दिली. आत देवापुढचे मुळे, प्रसाद म्हणून. पेढा नाही, साखरफुटाणे नाहीत, दोन कच्चे मुळे. प्रसाद वाटेत टाकता येत नाही, खाली ठेवता येत नाही आणि जपानात चालता चालता खाणं शिष्टाचारात बसत नाही. त्यामुळे ती पिशवी टोकियोच्या मेट्रोतून हातोहात फिरत हॉटेलपर्यंत आली. तिकडे काकूंनी बॅगेतून सुरी काढली, कुणी दाण्याचं कूट दिलं, कुणी लिंबू. रात्री प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन चमचे कोशिंबीर आली. जपानी मुळा आपल्याइतका तिखट नसतो, गोडसर असतो, यावर बराच खल झाला.

गाईडबाईही त्या दिवशी आमच्याबरोबर थांबल्या होत्या. त्यांनी कोशिंबीर खाल्ली आणि काकांकडे पेणचा व्हिडिओ पुन्हा मागितला, आखणीचा. बारीक ब्रश, श्वास रोखलेला हात, बुबुळाचा काळा ठिपका. तो त्यांनी तीन-चार वेळा पाहिला. मग आपल्या फोनवर पेणचं नाव कसं लिहायचं हे मला विचारून नोंदवून घेतलं.

पुढे क्योतोला मी गटाला मुद्दाम 1617 पासून चालत आलेल्या एका मिठाईच्या दुकानात नेलं, कांकिदान खायला. तिळाच्या तेलात तळलेली पारी आणि आत अझुकी डाळीचं गोड सारण, त्यात मसाल्यांचा वास. काकूंनी एक फोडून आतून-बाहेरून तपासली आणि निकाल दिला, “सारण त्यांचं आहे, पण मुखऱ्या आपल्याच.”

त्यानंतर टोकियोच्या प्रत्येक दौऱ्यात ते देऊळ असतंच. आदल्या रात्रीच मी सगळ्यांना सांगते की मूर्ती दिसणार नाही, टाळ्या नाहीत आणि प्रसादाला मुळा मिळेल. गाईडबाई त्याच असतात. बस सुरू झाली की माईक हातात घेऊन त्या पहिला प्रश्न हाच विचारतात, “तुमच्यापैकी कुणी पेणचं आहे का?”