तुम्ही विचारलंत म्हणून : मोठ्या माणसाच्या सायकलला स्टँड

रविवारी सकाळी बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याला आमच्या दहा-बारा सायकली चहासाठी थांबतात. कुठली झाडाला टेकलेली, कुठली कट्ट्याला, तिघी-चौघी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. माझी तेवढी एकटी, रस्त्याच्या कडेला आपल्या पायावर उभी. ग्रुपात नवीन आलेला पोरगा ती बघतो आणि चहाचा पहिला घोट संपायच्या आत विचारतो, "काका, स्टँड कशाला ओ? रेसला चाललोय म्हणायचं आणि दूधवाल्यासारखा स्टँड?"

आणि त्याच आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या लेथच्या शेडमध्ये कोणीतरी नवी सायकल ढकलत येतो. वय चाळीस-पंचेचाळीस, डॉक्टरनं चालव म्हणून सांगितलेलं. "दुकानवाला म्हणतोय ह्याला स्टँड येत नाही. बसवून घेऊ का नको?" परवा तुम्हीही हेच विचारलंत. मी तेव्हा कामात होतो, "बसवा की" म्हणून मोकळा झालो. ते अर्धंच उत्तर होतं.

राहिलेलं अर्धं असं. सायकल केवढ्याची, गिअर किती, तुमचं वय काय, यातलं काही बघू नका. दिवसातून किती ठिकाणी उतरता ते मोजा. घरातून निघून थेट जांबोटीला आणि तिथून थेट घरी, एवढाच कार्यक्रम असेल तर स्टँडवाचून काही अडत नाही. खरं, तुम्ही टिळकवाडीत राहता, दूध आणायला जाता, तिथून भाजीला, तिथून पोस्टात, वाटेत कोणी भेटलं की अर्धा तास उभे. तुम्हाला स्टँड पाहिजेच.

आम्ही वडगावचे. घरात यंत्रमाग होता आणि बाबा साड्यांचे गठ्ठे शहापूरला व्यापाऱ्याकडे सायकलवरून पोचवायचे. त्या काळी मोठ्या माणसाच्या सायकलला स्टँड बसवावा का, हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात आला नसता. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, घंटी हे सगळं मिळूनच सायकल व्हायची. बाबांच्या सायकलला मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, बसणारा डबल स्टँड होता. मागं चाकाला मिठी मारून मडगार्डाच्या क्लिपात अडकलेला. गठ्ठा चढवायच्या आधी बाबा तो पायानं खाली पाडायचे, एक पाय त्याच्यावर, हात कॅरिअरला, आणि एक हिसका मागं. खट्ट! मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. मग गठ्ठा ठेवा, रबरानं आवळा, सायकल जागची हलायची नाही. दुपारी ते जेवायला बसले की आम्ही पोरं त्याच स्टँडवर चढून पॅडल मारत बसायचो. चाक गरागरा फिरायचं, डायनॅमोचा दिवा लागायचा. आतून आवाज यायचा, "उतर खाली, तारा तुटतील!"

मग गिअरच्या सायकली आल्या आणि स्टँड गेला. कारण साधं आहे. त्यांची घडण शर्यतीच्या आणि डोंगरातल्या सायकलींवरून आली. शर्यतवाला वाटेत उतरत नाही आणि डोंगरात लोंबणारा लोखंडी पाय झुडपात अडकतो, दगडावर आपटतो, खडखडतो. फ्रेमच्या नळ्या हलक्या आणि पातळ झाल्या, स्टँड आवळायला जागाच ठेवली नाही. इथवर ठीक. पुढचं मात्र माझं मत आहे, पटलं तर घ्या. 2006-07 पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या पोरापोरींना फुकट सायकली द्यायला सुरुवात केली, आमच्याकडच्या मराठी शाळांतही त्या आल्या. कॅरिअर आणि स्टँड असलेल्या चांगल्या दणकट सायकली. शाळा सुटली की येळ्ळूरच्या रस्त्यावर त्यांचीच रांग असायची. त्यामुळे झालं काय, की ज्यांनी पुढं पगार झाल्यावर पंचवीस-तीस हजाराची सायकल घेतली त्यांच्या मनात स्टँड म्हणजे शाळेतली सायकल असं बसून गेलं. स्टँडनं वजन वाढतं, हे कारण नंतर शोधलेलं असावं.

वजनाचंही बघूच. माझा स्टँड मी वजनकाट्यावर टाकला होता, चारशे ग्रॅमच्या आत भरला. पाण्याची भरलेली बाटली त्याहून जड. जो गृहस्थ मला वजन सांगत होता त्यानं त्याच दिवशी मुलीकडे न्यायला अर्धा किलो कुंदा पाठीवरच्या पिशवीत घेतला होता. त्याचं वजन झालं नाही म्हणे.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमची सायकल ॲल्युमिनियमची आहे.

मी जन्माचा टर्नर, लेथवर काम करणारा. पातळ भिंतीचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, लेथच्या पकडीत, चकमध्ये, जास्त आवळला तर तो अंडाकृती होतो, हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात मीच शिकवतो. तोच मी, माझ्या पहिल्या गिअरच्या सायकलला बाजारातून साइड स्टँड आणला. पॅडलच्या मागं ज्या दोन खालच्या नळ्या मागच्या चाकाकडे जातात ना, त्यांच्या वर एक पट्टी, खाली स्टँड, मधे 10 मिमीचा एकच बोल्ट. आवळला. दोन दिवसांत स्टँड थोडा फिरला. परत आवळला. परत फिरला. तिसऱ्या वेळी रागानं पान्ह्याला पाइप घातला आणि ताकद लावली. "कट्" असा बारीक आवाज झाला. स्टँड फिरायचा थांबला, मी खूश! पावसाळ्यानंतर सायकल धुताना बघतो तर डाव्या नळीला चेपका आणि चेपक्याच्या कडेनं रंगाला केसासारखी रेघ. रेघ रंगाची नव्हती, नळीची होती. उद्यमबागेत वेल्डिंगवाल्यांची काय कमी? खरं, असल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला नुसतं वेल्डिंग करून भागत नाही, मागून हीट ट्रीटमेंट द्यावी लागते, नाहीतर जोडाशेजारी ती मऊ पडते. तेवढ्या खर्चात दुसरी फ्रेम आली असती. ती फ्रेम अजून शेडमध्ये खुंटीला टांगली आहे. पोरं विचारतात, मी विषय बदलतो.

म्हणून आधी सायकल उलटी करून बघायचं. त्या दोन नळ्यांच्या मधे, पॅडलच्या अगदी मागं, भोक असलेली चपटी पट्टी वेल्ड केलेली असेल तर नशीब तुमचं. ती स्टँडसाठीच असते, बोल्ट तिच्यातून जातो आणि नळी दाबली जात नाही. काही सायकलींना मागच्या चाकाजवळ डाव्या नळीवर दोन भोकं असतात, 18 किंवा 40 मिमी अंतरावर. त्यांच्यासाठी स्टँड वेगळा मिळतो, दुकानात जाताना अंतर मोजून न्या. दोन्ही नसेल तर मागच्या ॲक्सलजवळ खालची आणि तिरकी अशा दोन्ही नळ्या धरणारा स्टँड घ्या. तिथं नळ्यांचा जोड जवळ असतो, आणि पकड दोन ठिकाणी वाटली जाते, त्यामुळे पाइप घालून आवळायची पाळी येत नाही. माझ्या आताच्या सायकलला हाच आहे. आणखी एक फायदा नंतर कळला. पॅडलमागचा स्टँड खाली असताना सायकल मागं ढकलली तर डावा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, येऊन त्याच्यावर आपटतो, दाटीच्या पार्किंगमध्ये हे रोजचं. मागच्या स्टँडला तो त्रास नाही.

अडचण एकच. मागं डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकची पकड, नेमका तिथंच डावीकडे असतो, आणि प्रत्येक स्टँड त्याला चुकवून बसत नाही. कार्बनची फ्रेम असेल तर माझ्याकडे येऊच नका, मी तिला पान्हा लावणार नाही.

स्टँडचा पाय किती लांब हवा, यावर लोक फार कमी विचार करतात आणि निम्म्या सायकली त्यापायी पडतात. सायकल ताठ उभी राहिली की लोकांना बरं वाटतं. ती चुकीची लांबी. ताठ सायकलला उजवीकडून वाऱ्याची नव्हे, जाणाऱ्याच्या पिशवीची झुळूक पुरते... चुकलो, डावीकडून. स्टँड डाव्या बाजूला असतो, उजवीकडून ढकललं तर तो धरतोच, डावीकडून ढकललं की धरायला कोणी नाही. म्हणून सायकल डावीकडे थोडी कलती पाहिजे, पेन्शनर पारावर बसल्यासारखी. फार आखूड असेल तर इतकी कलते की सामान ठेवलं की गेली. टायरात नेहमीची हवा भरून, नेहमीची पिशवी अडकवून मगच लांबी ठरवा. ज्याला सरकणारा पाय असतो तो घेतलात तर करवतीचं काम पडत नाही. करवत लावायचीच तर एका वेळी अर्धा सेंटिमीटर, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

कलायची बाजू डावी असते त्याचाही उपयोग आहे. चेन, गिअर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर हे सगळं उजवीकडे. स्टँडवरची सायकल पडली तरी बहुतेकदा डावीकडे पडते, पॅडल आणि ग्रिप खरचटते, भागतं. भिंतीला टेकलेली सायकल मात्र कुठल्याही बाजूला घसरते. उजवीकडे आदळली की डिरेलर जिथं लटकतो तो हँगर वाकतो, आणि मग गिअर टाकला एक, पडला दुसरा.

आमच्याकडच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर तांबडी माती लोण्यासारखी होते. मागं जांबोटीच्या रस्त्याला हॉटेलाबाहेर सायकल स्टँडवर लावली आणि आत भजी सांगितली. दोन मिनिटांत बाहेरून हाक आली, "सायकल बित्तु नोड्री!" म्हणजे सायकल पडली बघा. स्टँड वीतभर चिखलात आणि सायकल शांतपणे आडवी. हाक मारणाऱ्यानंच मग शेजारची चपटी फरशी उचलून आणली आणि स्टँडखाली सरकवली. तेव्हापासून माझ्या पिशवीत एका डब्याचं पत्र्याचं झाकण असतं. उतारावर सायकल पुढं सरकून स्टँड मिटतो, त्यासाठी जुन्या ट्यूबची एक कडी कापून हँडलला ठेवली आहे. उजवा असो डावा असो, जो पुढच्या चाकाचा ब्रेक असेल तो दाबून तिच्यात अडकवायचा. झाला हँडब्रेक.

बिनस्टँडची ठेवणार असाल तर टेकवायला शिका. मधली नळी खांबाला टेकवतात ते चूक, सायकल पुढं घरंगळते. मागचं चाक आणि सीट भिंतीला लागली पाहिजे. भिंत नसेल तर फूटपाथची कड चालते. पॅडल कडेवर ठेवायचं आणि सायकल किंचित मागं घ्यायची. मागं जाताना क्रँक उलटा फिरू बघतो, पॅडल कडेत रुतून बसतं आणि सायकल उभी राहते. गणपत गल्लीत यातलं काही चालत नाही. तिथं कडेला भाजीवाल्या, भिंतीला दुकानं, आणि शटरला सायकल टेकवली की मालक आतून बघतो. बाजारात स्टँडच.

नातवाला मागच्या सीटवर बसवून नेता असं म्हणालात. त्यासाठी दोन पायांचा स्टँड मिळतो, बाबांच्या डबल स्टँडचा नातेवाईक, खरं तो चाकाऐवजी पॅडलमागं बसतो. जड असतो, आणि त्यालाही वर सांगितलेली पट्टी लागते. दोन्ही बाजूला पिशव्या असल्या तरी सायकल सरळ उभी राहते. म्हणून पोराला वर बसवून तुम्ही दुकानात शिरायचं, असं नाही. पोरगं वर आहे तोवर एक हात सायकलला.

माझ्याकडे दुसरी एक सायकल आहे, बारीक टायरची, आणि तिला स्टँड नाही. रविवारची ती नव्हे, ही वर्षातून चार-पाच वेळा चोर्ला घाटाकडे जाणारी. तिच्यावरून मी फक्त पंक्चर झालं तर उतरतो. घरी ती भिंतीवरच्या हुकाला लटकते. बायको म्हणते तिला स्टँड नाही, तिला खोली आहे.

तुमच्या सायकलला कुठला स्टँड बसेल ते ती बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. रविवारी दुपारी लेथ बंद असतो, चारच्या पुढं या. येताना वाटेत स्टँड विकत घेऊ नका, सायकल तेवढी आणा. पिशवी अडकवून आणा, टायरात हवा भरून आणा.